अकरा सह्या आणि एक हौद चुना

वाईतल्या आमच्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये संपलं. तेव्हापासून निदान पंधरा जणांनी मला फोन करून, नाहीतर कृष्णाबाईच्या उत्सवात प्रसादाच्या रांगेत गाठून विचारलं, "तुम्ही नेमकं काय काय केलंत? आमचाही पडायला आलाय." तुकड्यातुकड्यानं सांगून दमले, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. आकडे आमच्या घराचे आहेत. तुमचे वेगळे निघतील.

घर मधल्या आळीत. चौकाचं, एकमजली माडीचं. माजघरातल्या तुळईवर 'शके १७९०' असं कोरलंय, म्हणजे १८६८. रास्त्यांच्या वाड्यांशी किंवा मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याशी याची तुलना करू नका. भिक्षुकी आणि थोडी सावकारी यांतून उभं राहिलेलं साधं घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, खाली भाजक्या विटा, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) आणि कौलं. मी नोकरीनिमित्त पुण्यात. बाबा २०१९ मध्ये गेले, त्यानंतर तिथे आई आणि थोरली काकू अशा दोघीच राहत होत्या.

२२ जुलै २०२१ चा पाऊस वाईकर विसरणार नाहीत. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि ते पाणी कृष्णेतून आमच्याकडे आलं. आमच्या घरापर्यंत नदी आली नाही. पण दोन दिवसांनी आईचा फोन, "दक्षिणेची भिंत पोट काढून उभी आहे गं." मी पुढच्या शनिवारी गेले तेव्हा गिलाव्याचा दाराएवढा पापुद्रा सुटून ओसरीवर पडलेला होता आणि मागची माती ओल्या भाकरीसारखी दिसत होती. आम्ही काय केलं? ताडपत्री लावली. पुढचे दहा महिने फक्त ताडपत्रीच बदलत राहिलो.

मे २०२२ मध्ये दारावर नोटीस लागली. पावसाळ्याआधी नगरपालिका धोकादायक घरांना नोटिसा देते, ते त्यांचं कामच आहे. घर उतरवा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून दुरुस्त करून घ्या, असा मजकूर. आई घाबरली, काकूनं नोटीस फाडून टाकली. तुम्ही फाडू नका. लगेच लेखी उत्तर द्या, दोन ओळींचं का असेना: तपासणी करून घेत आहोत, अमुक भाग वापरातून बंद केला आहे. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. आम्ही दक्षिणेकडच्या दोन खोल्या बंद करून तिथे सागवानी टेकू लावले, त्याचे फोटो जोडले आणि पोच घेतली. पुढे तीन वर्षं ही पोच प्रत्येक फाईलमध्ये लागली.

नोटिशीचा वास बिल्डरांना कसा येतो कोण जाणे. पंधरा दिवसांत दोघे येऊन गेले. एक जण तर चहा पिताना म्हणाला, "वहिनी, खांब तेवढे तुम्ही ठेवून घ्या, शोपीसला चांगले." आईनं त्याला दुसरा चहा विचारला नाही.

पुण्यात इंटॅक या वारसा संस्थेच्या एका कार्यक्रमात ओळख झालेल्या मैत्रिणीनं वारसा-जतनाचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्टबाईंचा नंबर दिला. एका भेटीचे सहा हजार आणि जाण्यायेण्याचा खर्च. जूनमध्ये त्या आल्या. मला वाटलं होतं मोठी यंत्रं आणतील. त्यांनी पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, खांब बुंध्याशी टोचून पाहिले, गिलावा खरवडला, वास घेतला, आणि विचारलं, "इथे सिमेंट कोणी केलं?"

बाबांनी. १९८८ मध्ये. मला ते काम आठवतं, मी आठवीत होते. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी दक्षिणेच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, ओसरीत चार इंच काँक्रीट ओतून वर मोझेकच्या फरश्या बसवल्या, आणि आतल्या भिंतींना ऑइलपेंट दिला. आळीतले लोक बघायला आले होते. आर्किटेक्टबाईंनी जे समजावलं ते असं: मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि अंगातून बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. सिमेंट आणि ऑइलपेंटनं दोन्हीकडून तोंड बंद केलं, की ओल आत साठते, वर चढते आणि मातीचा लगदा होतो. खांबांचंही तेच. सागाचा खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बसक्या दगडावर, उभा असतो तो उगीच नाही, त्याचे पाय कोरडे राहावेत म्हणून. आम्ही फरशी उंचावली, तळखडे काँक्रीटखाली गाडले, आणि एकशेवीस वर्षं टिकलेले पाय पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कुजवले. पावसाचा दोष शेवटच्या धक्क्यापुरता. वाडा आजारी पडला होता तो आम्ही केलेल्या दुरुस्तीनं, आणि ती फार प्रेमानं केलेली होती. आईला हे कसं सांगायचं याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा सगळेच करत होते." ते खरंच आहे. आमच्या आळीत फिरून भिंती पाहा.

पाहणी, मोजमापांचे नकाशे आणि कामाचा क्रम असा अहवाल ऑगस्ट २०२२ मध्ये हातात आला. अंदाज होता वीस लाखांचा. मी स्वतः बँकेत काम करते, म्हणून कर्जाबद्दल फाजील आशा नव्हती, तरी एका बँकेत (माझ्या नव्हे) अर्ज केला. त्यांच्या मूल्यांकनकारानं 'इमारतीचे उर्वरित आयुष्य' या रकान्यात शून्य लिहिलं. बांधकामाचा प्रकार या रकान्यात आमच्या घराला बसणारा पर्यायच नव्हता. मातीच्या भिंती आणि सामाईक मालकी असली की गृहदुरुस्ती कर्ज मिळेल असं गृहीत धरू नका, हे माझं नोकरीतून आणि स्वानुभवातून आलेलं मत. आमचे पैसे शेवटी माझ्या मुदतठेवी, बहिणीची मदत आणि अमेरिकेतल्या चुलतभावाचे सहा लाख यांतून उभे राहिले.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण दुरुस्तीच्या कामापेक्षा जास्त वाडे इथेच अडतात.

सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीच्या नोंदीचा उतारा, काढली. (आता डिजिटल सहीची पत्रिका ऑनलाइनही मिळते. पण जुने फेरफार पाहायचे तर कार्यालयातच जा.) त्यावर आजोबांचं नाव. आजोबा १९८१ मध्ये गेले! चाळीस वर्षं घरपट्टी बाबा भरत होते, पावती त्यांच्या नावावर येत होती, आणि आम्ही त्यालाच मालकी समजत होतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी आज उतारा काढून बघा.

बाबांच्या ट्रंकेत एक कागद सापडला. १९८७ मध्ये तिघा भावांनी पाच रुपयांच्या स्टँपवर लिहिलेली वाटणी. पूर्वेचे तीन खण थोरल्यांचे, चौक सामाईक, वगैरे. नोंदणी केलेली नाही, आणि दोन्ही आत्यांना विचारलेलंही नाही. वकिलांनी तो वाचून, घडी घालून परत दिला. "छान अक्षर आहे. जपून ठेवा." आत्यांचा हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच आजोबांच्या हिश्शात होता, २००५ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का केला. म्हणजे वारसांची नव्यानं मोजणी. आई, मी, बहीण तीन. थोरली काकू आणि तिचे दोन मुलगे तीन. ठाण्याचे धाकटे काका एक. कोल्हापूरची आत्या एक. मोठी आत्या गेली, तिची मुलं तीन. एकूण अकरा.

वारसनोंदीसाठी वारलेल्या प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे पत्ते आणि ओळखपत्रं. आजोबांचा दाखला सापडेना. ते मिरजेला दवाखान्यात गेले होते, आणि मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे असते. आम्ही दोन महिने वाईत शोधत बसलो. अर्ज ऑक्टोबर २०२२, मग सगळ्यांना नोटिसा, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि अकराही नावं चढलेली पत्रिका जानेवारी २०२३ मध्ये मिळाली.

त्यानंतर हक्कसोडपत्र. धाकटे काका आणि मोठ्या आत्याची मुलं, अशा चौघांनी काही न घेता हक्क सोडले. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीसाठी मुद्रांक शुल्क किरकोळ असतं. खर्च होतो तो वकिलाचा, आणि सगळ्यांना एका दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणण्याचा. तीन वेळा तारीख ठरली आणि मोडली. एकदा सर्व्हर बंद, एकदा काकांना ताप, एकदा आत्येभावाच्या बोटाचा ठसाच उमटेना. चौथ्या वेळी झालं. त्या दिवशी मी सगळ्यांना जेवायला घरी आणलं आणि पाने ओसरीवर, टेकूंच्या मधून मांडली. मोठ्या आत्याची मुलगी तिथे पस्तीस वर्षांनी आली होती.

कोल्हापूरची आत्या हक्क सोडायला तयार नव्हती. मला आधी राग आला. तिला भेटायला गेले तर ती म्हणाली, "हिस्सा मला नको. पण सही केली की विचारायचं कोण? माजघरातला तो कोनाडा तुम्ही बुजवाल." तिचं पहिलं बाळंतपण त्या माजघरात झालं होतं आणि दिवा त्या कोनाड्यात असायचा. मी म्हटलं, हक्क सोडू नकोस, तुझं नाव राहू दे, फक्त दुरुस्तीला संमती दे. तिनं तिथल्या तिथे सही केली. तेव्हा सल्ला असा की प्रत्येकाकडून हक्कसोडच हवं असा हट्ट धरू नका. दुरुस्तीपुरतं नोटरी केलेलं संमतीपत्र पुरतं.

अमेरिकेतल्या चुलतभावाचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीनं सही करण्याचा अधिकार देणारा कागद, भारतीय वाणिज्य दूतावासातून करून आलं. परदेशात केलेला असा कागद राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट काकूच्या नावानं आलं होतं. तिनं ते 'महत्त्वाचं' म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलं, आणि विसरली. सापडलं ते ८१ व्या दिवशी. मी त्याच दिवशी रजा टाकून साताऱ्याला गेले.

परवानगीचं म्हणाल तर, कौलं बदलणं, गिलावा करणं अशा डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. पण आम्हाला भिंत उतरवून पुन्हा बांधायची होती आणि नोटीस डोक्यावर होती, म्हणून रीतसर अर्ज केला. सोबत मिळकत पत्रिका, अकरा जणांची संमती, घरपट्टी भरल्याची पावती, नकाशे, इंजिनिअरचं पत्र. आणि एक वेगळा अर्ज: आमची मिळकत वारसा यादीत आहे का, ते लेखी कळवावे. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून राज्यात जवळपास सगळीकडे लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आणि त्यांच्यासाठी समितीची तरतूद आहे. यादीत नाव असेल तर समितीची संमती लागते. आमचं नव्हतं. राज्य संरक्षित स्मारकाचा विचारही घरात झाला. त्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. आधी प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना. पण काकूनं विचारलं, "मग मला खुंटी ठोकायला मुंबईला विचारावं लागणार?" तो विषय तिथेच संपला. राहतं घर आहे, ते राहतं ठेवायचं होतं.

परवानगीचं पत्र जून २०२३ मध्ये आलं, आणि पाऊस सुरू झाला. म्हणजे काम नोव्हेंबरपर्यंत पुढे. पण ते चार महिने वाया गेले नाहीत, कारण चुना.

चुना आधी करून ठेवावा लागतो, हे लिहून ठेवा. परसात विटांचा सहा बाय चारचा हौद बांधला. कळीचा (भाजलेला, न विझवलेला) चुना आणून ऑगस्टमध्ये पाण्यात विझवला. गवंडीकाका सत्तरीच्या घरातले. त्यांनी तरुणपणी वडिलांबरोबर नदीवरच्या घाटाच्या डागडुजीला चुना मळलेला. ते म्हणाले, "लांब उभ्या राहा ताई." मला फोटो काढायचा होता. पाण्यात कळी पडली की ते पाणी उकळतं, उडतं. मनगटावर फोड आले, अजून डाग आहे. चष्मा आणि हातमोजे घाला, लहान मुलांना परसात सोडू नका. विझलेला चुना गाळून, वर बोटभर पाणी ठेवून तीन महिने मुरवला. नोव्हेंबरमध्ये फावड्यानं काढला तेव्हा तो लोण्यासारखा सुटत होता.

१५ नोव्हेंबर २०२३ ला काम सुरू झालं. आधी खांब. जॅक लावून तुळई अगदी थोडी, सुतारकाकांच्या भाषेत "कागद सरकेल एवढी" उचलायची, खांबाचा कुजलेला दीड-दोन फूट बुंधा कापायचा, तेवढाच जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा, आणि खाली काँक्रीट फोडून तळखडा मोकळा करायचा. चौदा खांबांपैकी सहा असे केले. पहिल्या खांबाच्या वेळी अख्खा वाडा करकरला. आई देवघरात जाऊन बसली. काँक्रीटखालून तळखडे बाहेर आले तेव्हा त्यांच्यावरची कमळाची पाकळी मला पहिल्यांदा नीट दिसली. मी त्या घरात जन्मलेली.

जुना साग मोडीच्या बाजारातून घेतला, म्हणजे पडलेल्या, पाडलेल्या वाड्यांचा. एका तुळईवर कोणाच्या तरी पोरानं खडूनं उंचीच्या रेघा मारल्या होत्या. ती आम्ही रंधा न मारता तशीच लावली.

दक्षिणेची भिंत मातीचीच ठेवून वाचणार नव्हती. ती खणाखणानं उतरवून भाजक्या विटांत आणि चुन्यात बांधली. चुना, वाळू, विटांची भुकटी, आणि हिरडा-गुळाचं भिजवलेलं पाणी. प्रमाण मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या वाळूवर आणि भिंतीवर ते ठरतं, आधी दोन-तीन नमुने भिंतीवर लावून महिनाभर बघा. आम्ही लावलेल्या पाचांपैकी तीन भेगाळले.

आणि एक चूक, पूर्ण माझी. जानेवारीत मी पुण्यात असताना गवंडीकाका आजारी पडले. चार दिवस फुकट जाऊ नयेत म्हणून मी फोनवरूनच दुसऱ्या गवंड्याला न्हाणीघराची भिंत सांगितली. त्यानं सवयीनं चुन्यात सिमेंट मिसळलं, "पकड यावी म्हणून". खरं तर मी त्याला काहीच समजावलं नव्हतं. भिंत उतरवली. बावीस हजार गेले. बाबांवर मनातल्या मनात केलेली टीका त्या दिवशी मी परत घेतली.

छप्पर फेब्रुवारी ते मे २०२४. वासे निम्मे बदलले, त्यांवरच्या रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) सगळ्या. कौलांपैकी साठ टक्के जुनीच धुऊन वापरली. वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं तर ठेवायचं. हे काम आई आणि काकूनं तीन दुपारी बसून केलं, त्यांच्याइतका कान मजुरांना नव्हता. ६ जूनला पहिला पाऊस आला. दोघी रात्री बॅटरी घेऊन माडीवर. दोन ठिकाणी गळलं, तेवढंच.

गिलाव्याला पावसाळा संपेपर्यंत थांबलो. चुना हळूहळू वाळायला हवा, म्हणून त्यावर ओली गोणपाटं टांगली. ऑक्टोबर ते जानेवारी घर आतून ओल्या गोणपाटाच्या वासाचं होतं. ऑइलपेंट खरवडायला सगळ्यात जास्त मजुरी लागली. त्याखाली कोनाड्याभोवती गेरूची वेल निघाली. आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती काही बोलली नाही, पदर लावून बघत राहिली.

हिशोब: कागदपत्रं, वकील, प्रवास १ लाख १० हजार. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर २ लाख ३० हजार. लाकूड आणि सुतार ८ लाख ९० हजार. भिंत, चुना, गवंडी ६ लाख ४० हजार. छप्पर ४ लाख २० हजार. वीज आणि नळ १ लाख ६० हजार. एकूण साडेचोवीस लाख. बिल्डरनं देऊ केलेल्या फ्लॅटशी तुलना केली तर हा व्यवहार तोट्याचाच आहे, हे मी बँकेतली म्हणून प्रामाणिकपणे सांगते. सरकारी अनुदान मिळालं का, असं सगळे विचारतात. आम्हाला मिळालं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इंजिनिअरचा स्थिरतेचा दाखला जोडून, नोटिशीची ती जुनी पोच वर लावून, धोकादायक यादीतून नाव काढण्याचा अर्ज दिला. मार्चमध्ये पत्र आलं. काकूनं ते मात्र फाडलं नाही, देवघरात ठेवलंय.

गंगापुरीतले दोन आणि ब्राह्मणशाहीतला एक, असे तीन वाडेवाले आता रविवारी आमच्याकडे येतात. गवंडीकाका एकच आहेत, त्यामुळे त्यांच्या तारखा आम्ही वाटून घेतल्यात. काकांनी दोन तरुण पोरं हाताखाली घेतलीत, त्यांची मजुरी चौघांत विभागून देतो. पुढचं काम गंगापुरीतल्या माडीचं, दिवाळीनंतर.

हौदात अजून पाऊण फूट चुना उरलाय. वर पाणी ठेवलं की तो वर्षानुवर्षं टिकतो, उलट सुधारतो. वाईत कोणाला भिंतीपुरता लागला तर आईला सांगून घेऊन जा, पैसे नकोत. येताना घमेलं आणि झाकणाची बादली आणा, आणि नेलात तेवढं पाणी परत वर ओतून जा.